उभयचर आठचाकी गाडी बेटावर न्यायची आहे: पोहवत, ओढून की बार्जवरून?

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवाटेचा आहे, पण इथे बोटी, इंजिनं आणि थंड मुलूख तिन्ही जाणणारी माणसं आहेत म्हणून विचारतेय.

आम्ही कॅनडात, ऑन्टारिओत राहतो. तीन कुटुंबांनी मिळून ह्यूरन सरोवराच्या जॉर्जियन बेमध्ये, पॉइंट ओ बॅरिलच्या बाजूला, एका बेटावरचं जुनं लाकडी घर घेतलं आहे. बेट चाळीसेक एकरांचं. धक्का पूर्वेला, आडोशाला. घर पश्चिमेच्या खडकावर. मधे दलदल, तिच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उघडे कातळ. गॅसचे सिलेंडर, सरपण, किराणा सगळं या वाटेनं उचलून न्यावं लागतं. सासूबाईंचे गुडघे आता ती वाट चालू देत नाहीत, आणि त्यांना तिथे जायची ओढ आमच्यापेक्षा जास्त आहे. म्हणून एक वापरलेली आर्गो घेतली: आठ चाकांची, खोलगट प्लास्टिकच्या अंगाची, जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी.

विकणारे गृहस्थ म्हणाले, “न्यायचं काय त्यात? पाण्यात घाला, आपोआप पोहोचेल.” किनाऱ्यापासून बेट साधारण तीन किलोमीटर. त्यातले दोन किलोमीटर बेटांच्या आडोशाने जातात, पण मधला एक किलोमीटर पश्चिमेला सताड उघडा आहे. घरात दोन तट पडले आहेत. नवरा आणि दीर म्हणतात पोहवत नेऊ. माझं मन घेत नाही. तुमचं काय मत?

यंत्रवेडा

तळ्याकाठीताई, तुमचं मन घेत नाही ते बरोबर आहे. आकड्यांत सांगतो.

या गाडीला बोटीसारखा पाणी कापणारा पंखा नसतो. टायरवरच्या खोल नक्षीनं ती पाणी मागे ढकलते. त्यामुळे पाण्यातला वेग ताशी चार-पाच किलोमीटर, म्हणजे चालत्या माणसाइतका. तीन किलोमीटरला पाऊण तास तरी धरा, तोही वारा पडलेला असेल तर. समोरून वारा असला तर अंतर कापण्याऐवजी गाडी बाजूला सरकत राहते, कारण पाण्याखाली तिला कणा नाही आणि पाण्यावर अंग मात्र उंच आहे. वाऱ्यात ती तळ्यावर सोडलेल्या रिकाम्या पातेल्यासारखी भरकटते. वळवायची तर एका बाजूची चाकं थांबवायची; जमिनीवर ती जागच्या जागी फिरते, पाण्यात मात्र फार सावकाश.

आता वजन. आठचाकी मॉडेल साधारण तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद, आणि रिकामी पाचशे-साडेपाचशे किलोची. वर तुम्ही दोघं आणि थोडं सामान धरलं की एकूण आठशे किलो. तेवढी ती पाण्यात बुडून आठशे लिटर पाणी बाजूला सारणार. तिच्या आकारावरून मी ढोबळ हिशेब केला, तर दर १०० किलोला ती साधारण अडीच सेंटिमीटर खाली बसते. काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर उरतो. शांत तळ्यात वीतभर पुष्कळ. उघड्या पाण्यावर एका स्पीडबोटीची लाट आली तरी आत पाणी. आणि इंजिन, साखळ्या, बॅटरी सगळं त्याच खोलगट अंगात आहे.

गाडीवर वजनाची पाटी असेल, ती वाचा. त्यावर जमिनीचा भार वेगळा आणि पाण्यातला वेगळा दिलेला असतो. पाण्यातला कमी असतो, आणि त्यात माणसंही मोजायची.

मुंबईकर_१९७४

चि-चिमॉन नावाची मोठी फेरी आहे ना तिकडे? टोबरमोरीहून निघते. ट्रेलरवर घालून तिच्यावरून न्या की.

तळ्याकाठी

ती फेरी मॅनिटूलिन बेटावर, साउथ बेमाउथला जाते. पावणेदोन तासांचा सुंदर प्रवास आहे, एकदा जरूर करावा असा. पण मॅनिटूलिन म्हणजे गोड्या पाण्यातल्या सरोवरातलं जगातलं सर्वांत मोठं बेट, तिथे गावं आहेत, रस्ते आहेत, उत्तरेकडून पूलही आहे. आमच्या बेटाला रस्ताही नाही आणि फेरीही नाही. या भागाला तीस हजार बेटं म्हणतात, त्यातलं आमचं एक.

सागरगोटा

मोटारबोट असेलच तुमच्याकडे. गाडी तरंगतेच, तर दोर बांधून मागून ओढत न्या. गाडीत कोणी बसायचंच नाही, म्हणजे जिवाला धोका नाही. इतका काथ्याकूट कशाला?

यंत्रवेडा

सागरगोटा, हा उपाय सोपा दिसतो, आणि म्हणूनच त्यात गाड्या बुडतात. पाण्यावर तरंगणाऱ्या कुठल्याही अंगाला लांबीनुसार एक वेगमर्यादा असते. तीन मीटर लांबीला ती सव्वाचार नॉट, म्हणजे ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास. त्याच्यावर ओढलं की पुढे लाट साचते. होडीची नाळ वर उचलून येईल अशी घडवलेली असते; या गाडीचं तोंड तसं नाही, ते लाटेत घुसतं. दोर उंचावर बांधला असेल तर आणखी लवकर. एकदा पुढच्या काठावरून पाणी आत आलं की ते सगळं पुढे धावतं, तोंड अजून खाली जातं, आणि बोट चालवणाऱ्याला मागे वळून पाहीपर्यंत सगळं संपलेलं असतं. त्यात दोर बोटीला बांधलेला! पाचशे किलोची बुडती वस्तू बोटीचा मागचा भाग खाली खेचते. जिवाला धोका नाही असं कसं म्हणता येईल?

बंद पडलेली गाडी आडोशाच्या पाण्यातून शंभर-दोनशे मीटर ओढून आणायची वेळ आली तर ताशी तीन-चार किलोमीटरनं, दोर खाली पुढच्या आकड्याला बांधून, आणि हाताशी सुरी ठेवून. एवढंच.

सागरगोटा

सुरीचा मुद्दा लक्षात आला नव्हता. पटलं.

दाभोळखाडी

दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ साली सुरू झाली. तेव्हापासून धक्क्यावर बसून गाड्या चढता-उतरताना बघत आलोय, आणि पुढे काही वर्षं फेरीवर कामही केलं. पाणी तुमचं गोडं असो की आमचं खारं, चढवण्या-उतरवण्याचे नियम तेच.

गाडी पाण्यावर असताना जेवढं बिघडतं, त्याहून जास्त ती रॅम्पवर असताना बिघडतं. चढताना अख्खं वजन बोटीच्या एका टोकाला येतं, ते टोक खाली दबतं, आणि रॅम्प नि जमीन यांत फट पडते. म्हणून बोटीचं टोक जमिनीला नीट टेकलेलं, दोर दोन्ही बाजूंना ताठ बांधलेले आणि इंजिन पुढे रेटत ठेवलेलं हवं. आमचे तांडेल फाळका टेकल्यावरही इंजिन बंद करत नाहीत ते याचसाठी.

तुमच्याकडे ती चपटी, दोन नळकांड्यांवरची बोट असते ना, पॉन्टून? तिच्यावर फळ्या टाकून गाडी चढवण्याचा मोह होईल. बोटीच्या पाटीवर हजार किलो लिहिलं असेल आणि तुम्ही म्हणाल गाडी साडेपाचशेचीच. पण ते हजार किलो सगळ्या बोटीवर पसरलेल्या माणसांचे. साडेपाचशे किलो एकदम टोकावर आले तर नळकांड्यांची पुढची टोकं पाण्याखाली जातील आणि मागचं इंजिन वर उचललं जाईल. ते करू नका.

बार्ज बघा. सपाट तळाचा, पुढे रॅम्प असलेला. बेटांवर घरं आहेत म्हणजे लाकूड, सिमेंट, गॅस नेणारा कोणी तरी असणारच.

आणि चढवताना गाडी उलटी, मागं मागं चढवा. म्हणजे उतरताना तोंड पुढे राहतं. उतरायची जागा नेहमीच जास्त वाईट असते.

तळ्याकाठी

दाभोळखाडी, फार मोलाचं सांगितलंत. पॉन्टून आमच्याकडे आहे, आणि दीरांनी फळ्याही मोजून ठेवल्या होत्या! बार्जवाले आहेत इथे. मरीनावर एकांशी बोलले. ते न्यायला तयार आहेत, पण आमचं बेट ऐकून म्हणाले की आमच्या धक्क्याला बार्ज लागणार नाही. पाण्याखाली खडक आहेत आणि यंदा पाणी उतरलंय. जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत नेतो, पुढचं तुम्ही बघा म्हणाले.

हायलँडकर

मी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर असतो. इथे डोंगरांतल्या इस्टेटींवर आर्गोकॅट म्हणून हीच गाडी घरोघर. शिकारीतलं हरिण पीटच्या दलदलीतून खाली आणायला हिच्याइतकं उपयोगी दुसरं वाहन नाही. टायरमध्ये हवा अगदी कमी, वजन आठ चाकांवर वाटलेलं, त्यामुळे माणूस रुततो तिथून ही सरळ जाते. पण बेटांवर ती कोणी पोहवत नेलेली मी पाहिली नाही. मॅलेग बंदराहून स्मॉल आयल्स या बेटांना लॉकनेव्हिस ही फेरी जाते, मागचा रॅम्प थेट बेटावर टेकते. बाहेरच्यांना वाहन न्यायला परवाना लागतो, बेटावरच्या कामाचं वाहन जातं.

आमच्याकडे भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. वेळ साधली नाही तर रॅम्पचा उतार इतका उभा होतो की गाडी घसरते. तुमच्याकडे हा त्रास नसेल.

तळ्याकाठी

भरती-ओहोटी जाणवण्याएवढी नाही, पण पाणी स्थिरही नसतं. वारा एका बाजूनं तासन् तास वाहिला की सरोवराचं पाणीच त्या टोकाला साचतं, आणि वारा पडला की परत हेलकावत येतं. सकाळी बुडालेला खडक दुपारी वर डोकावतो. शिवाय वर्षावर्षांचा फरक आहेच. जानेवारी २०१३मध्ये ह्यूरन-मिशिगन या जोडलेल्या सरोवरांची पातळी नोंदींतल्या नीचांकाला होती, आणि २०२०च्या उन्हाळ्यात इतकी वर की लोकांचे धक्के पाण्याखाली गेले. दोन्हींतला फरक पावणेदोन मीटरच्या वर. म्हणून इथे जुना नकाशा हातात असला तरी चालवणारा माणूस पाण्याकडे बघून चालवतो.

हिमपक्षी

थंडर बेहून. कोणी तरी “हिवाळ्यात बर्फावरून न्या” म्हणेल, म्हणून आधीच सांगते.

कॅनडाच्या रेड क्रॉसचा दंडक असा: एकट्यानं चालायला १५ सेंटिमीटर, घोळक्यानं स्केटिंगला २०, स्नोमोबीलला २५. आणि हा हिशेब स्वच्छ, निळसर, एकसंध बर्फाचा. पांढरा, दुधाळ बर्फ निम्म्या ताकदीचा धरायचा, करडा दिसला तर पाऊलच ठेवायचं नाही. जॉर्जियन बेच्या बेटांमधल्या चिंचोळ्या जागी प्रवाह असतात, तिथे बर्फ आतून झिजतो आणि वरून काही कळत नाही.

“आर्गो तरंगते, बर्फ फुटला तरी काय” हे अर्धसत्य आहे. अग्निशमन दलं बर्फावरच्या बचावासाठी अशा गाड्या ठेवतात, हे खरं. पण त्यांच्याकडे किनाऱ्याला बांधलेला दोर, विंच म्हणजे दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, पाण्यात घालायचे खास सूट आणि शिकलेली माणसं असतात. फुटलेल्या बर्फाच्या कडेवर चाकं चढत नाहीत, कड तुटत राहते.

याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्याचं तापमान. मे महिन्यात ऊन पडतं, हवा वीस अंशांवर जाते, लोक टी-शर्टवर येतात. पाणी मात्र पाच ते आठ अंशांवर असतं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी लोकांना समजावं म्हणून १-१०-१ असं सूत्र दिलं आहे. पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं. त्यात घाबरून पाणी प्यायलं की संपलं. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात, काय करायचं ते त्यातच. शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे माणूस गारठून मरण्याआधी बुडून मरतो, कारण हात चालेनासे होतात. लाइफजॅकेट गाडीत नको, अंगात हवं. जून उलटल्याशिवाय न्यायची घाई करू नका, आणि सासूबाईंना त्या दिवशी गाडीत बसवू नका. त्यांना बोटीनं नंतर न्या.

वाटसरू_८

वाचनखूण साठवली. उपयोगी धागा.

सीमेवरून

भारतीय सैन्याकडे याच जातीची, पण कितीतरी मोठी गाडी आहे. एटॉर एन १२००. जेएसडब्ल्यू गेको मोटर्सकडून ९६ गाड्या घेतल्या, सुमारे २५० कोटींचा करार. मूळ घडण शेर्प नावाच्या गाडीची. माणसाएवढे उंच चार टायर, १२०० किलो भार, जमिनीवर ताशी ३० किलोमीटर आणि पाण्यात ६. ऑगस्ट २०२५मध्ये पंजाबात पूर आला तेव्हा अमृतसरच्या बाजूला गावांतून माणसं काढायला याच उतरल्या होत्या.

मुद्दा असा की एवढ्या मोठ्या गाडीचाही पाण्यातला वेग सहाच. ती पुराच्या साचलेल्या पाण्यात शेतं, बांध, बुडालेले रस्ते एकामागून एक ओलांडते, जिथे बोट चिखलात अडते आणि ट्रक पाण्यात. तिथे तिला तोड नाही. सलग तीन किलोमीटर उघडं पाणी हे मात्र बोटीचंच काम.

होबार्टवासी

सीमेवरून यांनी बरोबर नस पकडली. ताई, बार्जवाल्याचं उत्तर ऐकून तुम्ही निराश झाला असाल, पण त्याच उत्तरात तुमचा मार्ग आहे.

मी टास्मानियात असतो. इथून दक्षिणेला दीड हजार किलोमीटरवर मॅक्वॉरी बेट आहे, ऑस्ट्रेलियाचं संशोधन केंद्र तिथे १९४८पासून आहे. धक्का नाही, कारण तिथला समुद्र तो टिकू देणार नाही. तिथे वर्षानुवर्षं रसद कशी पोहोचली? अरोरा ऑस्ट्रालिस जहाज बेटाबाहेर थांबायचं, आणि डेकवरून क्रेननं लार्क नावाच्या उभयचर गाड्या पाण्यात उतरवायचे. अॅल्युमिनियमच्या अंगाची, पाच टन भार घेणारी, पंख्यावर चालणारी ही गाडी जहाजापासून किनाऱ्यापर्यंतचं पाणी कापायची आणि न थांबता चाकांवर वाळूत चढून थेट केंद्रापाशी जायची.

दुसऱ्या महायुद्धातल्या डक या उभयचर ट्रकचंही तेच. २१ हजारांहून जास्त बनवल्या, आणि १९४४मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर बंदर नसताना जहाजांतला माल त्यांनी वाळूवर आणला. इंग्लिश खाडी त्यांनी स्वतः पार केली नाही, जहाजांनी त्यांना पार नेलं.

उभयचर वाहनाचं सामर्थ्य लांबच्या अंतरात नाही; जिथे बोट पुढे जाऊ शकत नाही आणि जमीन अजून लागलेली नाही, त्या मधल्या पट्ट्यात आहे. बार्जवाला म्हणतो ना, तुमच्या धक्क्यापर्यंत जाता येत नाही? मग त्याला आडोशाच्या बाजूला, खडकांच्या अलीकडे, शांत पाण्यात थांबू द्या. रॅम्प पाण्यात सोडायचा आणि शेवटचे वीस-तीस मीटर आर्गोनं स्वतः जायचं. दुसरी कुठलीही गाडी असती तर तुमचं काम अडलं असतं.

तळ्याकाठी

होबार्टवासी, हे वाचून मी उठून नवऱ्याला हाक मारली. घरातले दोन्ही तट एकदम एक झाले. पोहवायची हौसही भागते आणि उघडं पाणीही टळतं. बार्जवाल्यांनाही विचारलं, ते म्हणाले की उतार मंद राहील अशी जागा शोधून देतो.

आता पाण्यात उतरण्या-चढण्याचं नीट सांगा कोणी तरी.

यंत्रवेडा

सांगतो, सविस्तर.

निघण्याआधी घरच्या किनाऱ्यावरच तिला कमरेएवढ्या पाण्यात घाला, दोर बांधून. अर्धा तास उभी ठेवा आणि तळाशी पाणी येतं का बघा. वापरलेल्या गाडीत पाणी बहुतेक वेळा चाकांच्या आसाच्या बेअरिंगच्या सीलमधून झिरपतं. तळातल्या निचऱ्याच्या भोकांची बुचं बसवलीत का, हे दोन जणांनी वेगवेगळं तपासा. बुचं बार्जवर चढण्याआधीच लावायची. पाणी उपसायचा पंप चालतो का, आणि तो बंद पडला तर हातात बादली आहे का?

बार्जवर बांधताना पट्टे पोलादी सांगाड्याला आणि आकड्यांना लावा. प्लास्टिकच्या अंगाला किंवा आसांना नाही. हँडब्रेक, चाकांना ठोकळे, पेट्रोलची कळ बंद.

उतरताना रॅम्पचा उतार जितका कमी तितकं चांगलं. पुढची चाकं तरंगू लागेपर्यंत मागचं वजन रॅम्पवर असतं आणि तोंड खाली झुकलेलं असतं. उतार उभा असेल तर त्याच क्षणी पुढून पाणी येतं. सरळ रेषेत, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, न थांबता. अर्धवट उतरल्यावर ब्रेक दाबू नका. आत एकच माणूस, सामान शून्य. सीटबेल्ट सोडलेला, वरचं छप्पर आणि काच काढलेली, म्हणजे बाहेर पडायला वाट मोकळी.

किनाऱ्याला चढताना उलटं होतं. पुढची चाकं खडकावर टेकतात, तोंड वर येतं आणि मागचा काठ पाण्याकडे दबतो. मागे जड काही असेल तर पाणी तिथून शिरतं. म्हणून किनाऱ्याला काटकोनातच या, तिरके आलात की एक बाजू चढते आणि दुसरी बुडते. ग्रॅनाइटवर पाण्यालगत शेवाळाचा बुळबुळीत थर असतो, तिथे आठही चाकं नुसती फिरतील. आधीच एक जण किनाऱ्यावर उभा ठेवा, विंचचा दोर ओढून झाडाच्या बुंध्याला रुंद पट्ट्यानं बांधायला. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

जमिनीवर आल्यावर लगेच बुचं काढून निचरा करा, आणि त्याच दिवशी आसांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरा, जुनं पाणीमिश्रित ग्रीस बाहेर येईपर्यंत.

दाभोळखाडी

यात एक भर. रॅम्पवरून गाडी उतरली की बार्ज एकदम हलका होऊन मागे सरकतो. त्याचा नांगर मागे टाकलेला असू द्या, नाहीतर तो वळून गाडीवर येईल. आणि पाण्यात दुसरी छोटी बोट माणसासह तयार हवी, नुसती बांधून ठेवलेली नको.

प्रश्नांकित

कायद्याचं काय? पाण्यात गेली की ही गाडी की बोट?

हिमपक्षी

सरळ दोन्ही धरून चालावं. कॅनडात इंजिनाची हौशी बोट चालवणाऱ्याकडे ऑपरेटर कार्ड लागतं. ज्याच्याकडे ते आहे त्यानंच गाडी पाण्यात चालवावी. छोट्या बोटीला लागतं ते सामानही आत ठेवावं: प्रत्येकाला लाइफजॅकेट, तरंगणारा १५ मीटरचा दोर, पाणी उपसायचं साधन, शिटी, अग्निशामक. आणि स्वतःच्या जमिनीबाहेर चाकांवर चालवायची तर ऑन्टारिओची नंबरपाटी आणि विमा हवाच. विमा कंपनीला “पाण्यातूनही नेणार आहोत” असं आधी कळवा आणि उत्तर लेखी घ्या.

त्या दिवशीचा जॉर्जियन बेचा सागरी हवामान अंदाज ऐका. वीस नॉटच्या वरच्या वाऱ्याचा इशारा असेल तर दिवस बदला. बार्जवाला स्वतःच बदलेल, त्याच्याशी हुज्जत घालू नका.

रानवाट

सगळे गाडीविषयी बोलताहेत, मला त्या बेटाविषयी बोलायचं आहे.

ऑन्टारिओत १ जानेवारी २०२२पासून नियम आहे: बोट रस्त्यानं हलवण्याआधी बुचं काढून पाणी सोडायचं, आणि अंगाला लागलेल्या वनस्पती, जीव, शेवाळ साफ करायचं. झेब्रा आणि क्वागा हे उपद्रवी शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात असेच गेले. उभयचर गाडी तर बोटीपेक्षा वाईट वाहक आहे. टायरच्या खोल नक्षीत चिखल बसतो, आसांभोवती पाणवनस्पती गुंडाळतात, तळात पाणी साठतं. त्यातच जॉर्जियन बेच्या किनाऱ्यांवर युरोपातून आलेलं फ्रॅगमायटीस गवत पसरतंय. मुळाचा बोटभर तुकडाही त्या गवताचा नवा पुंजका उगवायला पुरतो. तुमची गाडी वापरलेली आहे, आधी कुठल्या दलदलीत फिरली माहीत नाही. नेण्याआधी गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं खालून-वरून धुवा, पाण्यापासून लांब, आणि पुरती वाळू द्या.

बेटावर वाट एकच ठेवा. ही गाडी एका बाजूची चाकं रोखून वळते, म्हणजे ती चाकं जमीन खरवडतात. कातळावरची माती बोटभर जाडीची असते, त्यावरचं शेवाळ आणि दगडफूल पुन्हा धरायला कित्येक वर्षं लागतात. वळणं लांबची, मंद घ्या. जूनमध्ये कासवं खडीच्या जागी अंडी घालायला येतात, आणि उन्हाला पडलेला मसासॉगा रॅटलस्नेकही या किनाऱ्यावरचाच रहिवासी आहे, संरक्षित आहे. पुढे एक माणूस चालत असावा. दलदलीतून तर शक्य असेल तितकं जाऊच नका. गाडी जाऊ शकते म्हणून न्यायलाच हवी असं नाही. कातळाच्या कडेनं वाट निघते का बघा.

तळ्याकाठी

रानवाट, तुमचा प्रतिसाद छापून घराच्या भिंतीवर लावणार आहे. दलदलीला वळसा घालून उत्तरेच्या कातळावरून वाट निघते, पायी फिरून खुणा करून आलो. थोडी लांब पडते, पण तीच ठेवू.

तळ्याकाठी

मंडळी, गाडी बेटावर पोहोचली! जुलैची सकाळ, वारा जवळजवळ नव्हता.

मरीनाच्या उतारावर ती उलटी चढवली. उघड्या पट्ट्यातून जाताना एका मोठ्या बोटीची लाट आडवी आली आणि बार्ज चांगलाच हलला. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, पण कोणी काही बोललं नाही. बेटाच्या पूर्वेला, धक्क्यापासून थोडं दक्षिणेला एक छोटी वळचण आहे, तिथे बार्जवाल्यांनी मागे नांगर टाकून रॅम्प सोडला. दीर चालवत होते, त्यांच्याकडे कार्ड आहे. पाण्यात उतरताना तोंड इतकं खाली गेलं की माझा श्वास अडकला, मग ती उचलली गेली आणि शांतपणे चालू लागली. तेवढं अंतर जायलाही चांगला वेळ लागला. यंत्रवेडा यांचा वेगाचा आकडा तेव्हा खरा कळला. किनाऱ्याला शेवाळावर चाकं फिरलीच. विंचचा दोर पाइनला बांधून तयार होता, त्यानं ओढून घेतली. निचऱ्याला दोन-तीन लिटर पाणी निघालं, एका मागच्या आसापाशी सील झिजलंय असं दिसतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई बोटीनं धक्क्यावर आल्या आणि तिथून गाडीत बसून पश्चिमेच्या खडकापर्यंत. नवरा पुढे चालत होता, साप बघायला.

यंत्रवेडा

फार आनंद झाला. दोन-तीन लिटर म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण ते सील आता बदलाच. हिवाळ्यात गाडी बेटावरच राहणार असेल तर आधी तळ पूर्ण कोरडा करून बुचं काढून ठेवा. आत राहिलेलं पाणी गोठलं तर अंग तडकेल. बॅटरी घरी आणा.

तळ्याकाठी

बेटावरच राहणार. बुचं काढून दोरीनं सुकाणूच्या दांड्याला बांधून ठेवते, म्हणजे वसंतात शोधावी लागणार नाहीत. सील कुठल्या मापाचं लागेल ते आसावर लिहिलेलं असतं का?

यंत्रवेडा

आसावर नाही. चौकटीवरच्या पाटीवर गाडीचा क्रमांक आणि वर्ष असेल, त्यावरून सुट्या भागांच्या दुकानात माप मिळेल. ही गाडी न्यू हॅम्बर्गची, १९६७पासून तिथेच बनतेय, त्यामुळे जुन्या मॉडेलचे भागही तुमच्या प्रांतात सापडायला हरकत नाही. एक आस उघडताय तर आठही बघून घ्या.